खेळांच्या संशोधनाची पुढची वाट

खेळ हा विषय विद्यापीठांत दोनदा आला. पहिल्यांदा तो प्राच्यविद्या, इतिहास आणि मानववंशशास्त्र यांच्यामार्फत आला. टॉमस हाइड यांचा पौर्वात्य खेळांवरचा लॅटिन ग्रंथ १६९४ मध्ये ऑक्सफर्डला छापला गेला. एडवर्ड टायलर यांनी १८७९ मध्ये मेक्सिकोतला पाटोली आणि भारतातली पचिशी यांच्यातले साम्य दाखवले. एच. जे. आर. मरे यांचा बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास १९१३ मधला. १९३८ मध्ये डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’मध्ये संस्कृती खेळाच्या अंगाने घडत जाते असे मांडले, आणि १९५८ मध्ये रोजे काय्वा यांनी खेळांचे चार प्रकार पाडले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. मराठी घरातली फुगडी चौथ्या प्रकारात अगदी चपखल बसते.

दुसरे आगमन संगणकावरच्या खेळांमुळे झाले. ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक २००१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे संपादक एस्पेन आर्सेथ यांनी ते वर्ष या ज्ञानशाखेचे पहिले वर्ष मानले. दोनच वर्षांनी ‘डिग्रा’ या आंतरराष्ट्रीय संशोधक-संघटनेची पहिली परिषद नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला भरली. सुरुवातीचा मोठा वाद असा होता की, व्हिडिओ गेम कथा म्हणून वाचायचा की नियमांची व्यवस्था म्हणून. येस्पर यूल यांनी २००५ मध्ये, खेळाचे नियम खरे असतात आणि त्यातले जग कल्पित असते, अशी मांडणी करून दोन्ही बाजूंना जागा दिली. पुढे हा वाद विझत गेला. आज खरा पेच व्याख्येचा नाही, पुराव्याचा आहे. खेळाबद्दल काही सांगायचे तर ते कशाच्या आधारावर, या प्रश्नावर येत्या काळातले संशोधन उभे राहील किंवा अडेल.

मुलांवर होणाऱ्या परिणामांच्या अभ्यासात हा पेच सर्वांत ठळक दिसतो. अनेक वर्षे या अभ्यासांची भिस्त प्रश्नावल्यांवर होती: आठवड्यात किती तास खेळता, खेळल्यावर कसे वाटते. माणसाला स्वतःचे तास नीट आठवत नाहीत, त्यामुळे निष्कर्ष डळमळीत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला जागा मिळाली, पण त्याआधीच अनेक संशोधकांनी आधारभूत पुरावा कच्चा असल्याचा जाहीर आक्षेप घेतला होता. यातून बाहेर पडण्याचा मार्ग ऑक्सफर्डच्या गटाने दाखवला. सात खेळांच्या कंपन्यांकडून खेळण्याच्या वेळेच्या प्रत्यक्ष नोंदी मिळवून त्यांनी सुमारे ३९ हजार खेळाडूंचा सहा आठवडे अभ्यास केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर परिणाम जवळजवळ दिसत नाही. आपण का खेळतो, आवडीने की आतून रेटा बसल्याने, याचा संबंध मात्र जाणवतो. पालकांच्या ‘किती तास’ या चिंतेला धक्का देणारा हा निकाल आहे. तरीही त्यातली एक मर्यादा डोळ्यांआड करता येत नाही. या नोंदी कंपन्यांनी राजीखुशीने दिल्या होत्या. ज्या कंपन्या देत नाहीत त्यांच्या खेळांत काय चालते, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येत नाही, आणि चिंता करण्याजोगे खेळ नेमके त्यांच्याकडेच असू शकतात. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने अतिविशाल ऑनलाइन मंचांची माहिती संशोधकांना मागता येईल अशी सोय केली. खेळकंपन्यांनाही अशीच सक्ती हवी. विनंतीच्या बळावर कोणतेही शास्त्र उभे राहत नाही.

दुसरी अडचण खुद्द खेळच नाहीसे होण्याची आहे. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृत विक्रीत उपलब्ध नव्हते. ग्रंथालयांनी संशोधकांना ते दूरस्थपणे वापरू द्यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळांची स्थिती आणखी वाईट. ‘द क्रू’ हा मोटार-शर्यतीचा खेळ मार्च २०२४ अखेर बंद झाला आणि विकत घेतलेली प्रतही निकामी ठरली. त्यातून उभ्या राहिलेल्या युरोपीय मोहिमेला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. खेळाडूंच्या हक्काची ही चळवळ संशोधकांच्याही कामाची आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे खेळांशी नाते आता उलटते आहे. ‘डीप ब्लू’ संगणकाने १९९७ मध्ये बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवले, कॅनडातल्या गटाने २००७ मध्ये चेकर्सची उकल केली, ‘अल्फागो’ने २०१६ मध्ये ‘गो’ या खेळात ली सेडॉलवर मात केली, तिथे खेळ ही यंत्राची परीक्षा होती. मास्ट्रिख्त विद्यापीठात २०१८ ते २०२३ या काळात कॅमेरॉन ब्राउन यांच्या गटाने यंत्रालाच खेळांच्या इतिहासाच्या कामाला लावले. सुमारे हजार पारंपरिक खेळ नियमांच्या छोट्या घटकांत मोडून त्यांनी संगणकावर उतरवले. जुना पट सापडतो, सोंगट्या सापडतात, नियम मात्र हरवलेले असतात. अशा वेळी संभाव्य नियम लावून यंत्र हजारो डाव स्वतःशीच खेळते आणि कोणता संच रंगतो ते दाखवते. पद्धत मोलाची आहे, पण डाव रंगू शकला असता एवढेच ती सांगते. तो तसा खेळला गेला की नाही, यासाठी ग्रंथ, चित्रे आणि खेळणारी माणसेच लागतात.

भारतात पैसा आणि खेळ यांची सीमा हा निकडीचा विषय आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांवरून मुंबई राज्याविरुद्ध झालेल्या चमारबागवाला खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि जुगार यांत भेद केला, आणि १९६७ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूला बसवले. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने हा भेदच बाजूला सारून पैशाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. नताशा डाउ शूल यांनी लास व्हेगासच्या जुगारयंत्रांवर २०१२ मध्ये लिहिलेला ग्रंथ माणसाला खिळवून ठेवण्यासाठी यंत्राची रचना कशी केली जाते हे उलगडतो. भारतीय फोनवरच्या खेळांचा तेवढ्याच बारकाईने अभ्यास व्हायला हवा, आणि बंदीनंतर खेळणारे कुठे वळले याचाही. सौविक मुखर्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय उपखंडातल्या व्हिडिओ गेमवर काम उभे केले आहे. त्या कामाला प्रादेशिक भाषांची जोड अजून पुरेशी मिळालेली नाही.

मराठी मुलखात तर साधने पायाखाली आहेत. लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडी फरशांवर पट आणि खळगे कोरलेले आढळतात. फरशीचा काळ म्हणजे पटाचा काळ नव्हे, त्यामुळे त्यांचा कालनिर्णय हे अवघड काम आहे. मोक्षपटाचे, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाचे, श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, मात्र त्याला समकालीन पुरावा नाही. पश्चिम भारतातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या याच जातीच्या ज्ञानपटांवर सखोल प्रबंध झाला तो कोपनहेगन विद्यापीठात, २०१९ मध्ये, याकोब श्मिट-मॅडसन यांच्या हातून. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची; तिचे संच संग्रहालयांत जपले जातात, पण डाव मांडू शकणारे विरळ झाले आहेत. मंगळागौरीचे खेळ मंचावर टिकले, तरी गावोगावचे त्यांचे पाठभेद कोणी पद्धतशीर नोंदवत नाही.

मराठी, इतिहास, लोकसाहित्य आणि संगणकशास्त्र या विभागांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. नुसती खेळांची नावे गोळा करून भागणार नाही. कोण कोणाशी खेळते, डाव कसा मोडतो, भांडण झाले तर निवाडा कोण करतो, हे सारे चित्रफितीवर घ्यावे आणि ते सर्वांना खुले ठेवावे. सारीपाटाचे दान, आट्यापाट्यांतली पाटी, विटीदांडूची मोजणी ज्यांना तोंडपाठ आहे अशी माणसे आज साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करावी.