जुन्या मोटारीचे ब्रेक : घरच्या घरीं उस्तवार

मोटार चालते कशी याविषयीं घरांतील लहान मुलासहि कुतूहल असतें. ती थांबते कशी याचा विचार मात्र, ती थांबेनाशी होईपर्यंत, बहुधा कोणी करीत नाहीं. इंजिन बिघडलें तर गाडी दाराशीं उभी राहते आणि फार तर कामाचा खोळंबा होतो. ब्रेक बिघडला तर गाडी उभीच राहत नाहीं, आणि सर्व अनर्थाचें मूळ त्यांतच आहे.

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईकरांच्या ओळखीची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. १९६४ पासून फियाट ११०० डी म्हणून आणि पुढें पद्मिनी या नांवानें ती कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडत असे. टॅक्सी गेली, तरी अनेक कुटुंबांनीं आपली खासगी पद्मिनी जपून ठेवली आहे. कोणी ती सणासुदीस बाहेर काढतो, कोणी वडिलांची आठवण म्हणून सांभाळतो. अशी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, आणि उभ्या गाडीचा पहिला शत्रु तिच्या ब्रेकमध्यें वास करतो. सुदैवानें या गाडीची मूळ रचना साधी आहे. चारही चाकांस ड्रमचे ब्रेक, एक पेडल, एक मुख्य सिलिंडर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या, एवढाच काय तो पसारा. तत्त्व नीट समजून घेणाऱ्या व घाई न करणाऱ्या गृहस्थास त्याची उस्तवार घरीं करतां येते.

हें तत्त्व मोटारीहून पुष्कळ जुनें आहे. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम ब्लेझ पास्काल या फ्रेंच गणितज्ञानें सतराव्या शतकांत मांडला. त्याचा ग्रंथ १६६३ सालीं, त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षीं, प्रसिद्ध झाला. मोटारीच्या ब्रेकसाठीं या नियमाचा उपयोग करण्याचें पेटंट अमेरिकेंत माल्कम लॉखीड यानें १९१७ सालीं मिळविलें, आणि १९२१ सालच्या ड्यूझेनबर्ग मोटारीस चारही चाकांवर असे ब्रेक बसले. त्यापूर्वीं ब्रेक ओढण्यासाठीं सळया व तारा वापरीत. त्या सर्व सारख्या ताणाच्या ठेवणें हें महाकठीण काम असे. एक चाक आधीं अडकलें कीं गाडी त्या बाजूस ओढ घेई. द्रवाचा दाब मात्र पक्षपात करीत नाहीं.

हा दाब किती होतो तें एका उदाहरणानें ध्यानांत येईल. समजा, चालकानें पेडलवर २० किलोग्रॅमचा भार दिला आणि पेडलच्या तरफेनें तो पांचपट झाला. मुख्य सिलिंडरांतील दट्ट्यावर १०० किलोग्रॅम भार पडला. दट्ट्याचें क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल, तर द्रवांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ३३ किलोग्रॅम दाब उत्पन्न होतो. हाच दाब चाकाजवळच्या छोट्या सिलिंडरांत जाऊन तेथील दट्टे बाहेर ढकलतो, दट्टे ब्रेकचे शू फांकवितात, आणि शूंचें लायनिंग फिरत्या ड्रमला आंतून घट्ट धरतें.

आतां या द्रवांत हवा शिरली तर काय होतें? द्रव दाबानें जवळजवळ मुळींच आकसत नाहीं. हवा मात्र आकसते. नळींत केवळ ३ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्याहूनहि कमी, हवा राहिली आहे असें धरावें. वरील दाबाखालीं ती आपल्या मूळ आकाराच्या तिसाव्या हिश्शाइतकी होते. ही पोकळी भरून काढण्यासाठीं मुख्य दट्ट्यास जवळजवळ एक सेंटिमीटर अधिक पुढें सरकावें लागतें, आणि तरफेच्या हिशोबानें पेडलला पांच सेंटिमीटर! पेडल पायाखालीं स्पंजासारखें दबतें, जमिनीस टेकूं पाहतें, आणि चाकाकडे मात्र पुरेसा जोर पोंचत नाहीं. नळ्यांतील ही हवा काढणें म्हणजेच कारागीर ज्यास ब्लीडिंग म्हणतात तें काम होय.

दुसरा शत्रु पाणी. ज्या द्रवास बाजारांत ब्रेक ऑइल म्हणतात तें ऑइल नव्हेच. तो ग्लायकॉल वर्गांतील द्रव असून हवेंतील ओल शोषून घेणें हा त्याचा स्वभाव आहे. या फसव्या नांवापायीं कोणी त्यांत इंजिनाचें तेल ओततो. मग आंतील रबर फुगून सर्व रचना निकामी होते. प्रमाणाप्रमाणें डॉट ३ जातीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळतां कामा नये, डॉट ४ जातीचा २३० पर्यंत. परंतु त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलें कीं याच मर्यादा १४० व १५५ वर उतरतात. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत ही ओल शिरण्यास वेळ लागत नाहीं.

हा फरक घाटांत प्राणाशीं गांठ घालतो. माणसांसह १,००० किलोग्रॅम भरणारी गाडी बोरघाटांतून ५०० मीटर खालीं उतरली, तर तिच्या उतरण्यांतून मोकळ्या होणाऱ्या शक्तीनें पंधराएक लिटर थंड पाणी उकळीस येईल. गाडी खालच्या गिअरमध्यें असली तर या शक्तीचा मोठा वांटा इंजिन पचवितें. पेट्रोल वांचविण्याच्या मोहानें ती न्यूट्रलमध्यें सोडली तर बहुतेक सारी उष्णता ब्रेकमध्यें उतरते. जुना, ओलसर द्रव चाकाजवळ उकळतो, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेंच आकसते. वरच्या वळणावर नीट लागलेला ब्रेक खालच्या वळणावर लागत नाहीं, आणि गाडी थंड झाल्यावर तपासणाऱ्यास कोणताहि दोष सांपडत नाहीं. म्हणून साधारण दोन वर्षांनीं सर्व द्रव बदलणें हें कामाचें पहिलें कारण समजावें.

प्रत्यक्ष कामास सपाट व टणक जमीन पाहिजे. जीं चाकें जमिनीवर राहणार त्यांस पुढून-मागून ठोकळे लावावे. गाडी जॅकनें उचलावी, पण केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं हात घालूं नये. मजबूत लोखंडी घोड्या द्याव्या. विटांची चळत भाराखालीं एकाएकीं फुटते, यास्तव ती वर्ज्य. मागील चाकांवर चालणारा हातब्रेक असल्यास तो सैल करावा, नाहीं तर ड्रम निघणार नाहीं.

ड्रम काढतांच आंत काळी भुकटी दिसते. ती फुंकूं नये, वाऱ्याच्या झोतानें उडवूंहि नये. जुन्या लायनिंगांत अॅस्बेस्टॉस असूं शकतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. ती ओल्या फडक्यानें टिपून फडकें पिशवींत बांधून टाकावें. मग लायनिंगची जाडी पाहावी. रिव्हेटांचीं डोकीं वर आलीं असल्यास शू बदलावे. लायनिंगवर ग्रीस अथवा द्रव मुरला असेल तर तें घासून उपयोग नाहीं. त्या आंसाच्या दोन्ही चाकांचें लायनिंग नवें घ्यावें, म्हणजे दोहों बाजूंस ब्रेक सारखा लागेल.

यानंतर चाकाच्या सिलिंडराचें रबरी टोपण हलकेंच उचलावें. आंत ओल दिसली कीं गळती सुरू झाली असें समजावें. सिलिंडर उघडल्यावर मध्यें एक कमान, तिच्या दोन बाजूंस रबरी वाट्या व बाहेर दट्टे, असा क्रम दिसतो. भाग स्वच्छ करण्यास ताजा ब्रेकचा द्रव किंवा स्पिरिट वापरावें. पेट्रोल, रॉकेल किंवा ग्रीस यांचा या रबराशीं संबंध येऊं देऊं नये. सिलिंडराची आंतील भिंत कांचेसारखी गुळगुळीत असली तर नव्या वाट्या घालून तो परत वापरतां येतो. तिच्यावर गंजाचे खड्डे असतील तर घासण्याच्या भानगडींत न पडतां नवा सिलिंडरच घ्यावा, कारण खड्ड्यावरून घसरणारी नवी वाटी थोड्याच दिवसांत फाटते. वाट्या बसवितांना त्यांचें उघडें तोंड द्रवाच्या बाजूस असावें. दाब येतांच त्यांची कड पसरून भिंतीस चिकटते आणि तीच गळती अडविते. वाटी उलट बसली तर दाबच तिला बाजूस सारील.

मुख्य सिलिंडराचीहि अशीच तपासणी करावी. त्यांतील एक गोष्ट विशेष जपण्याजोगी आहे. पाय काढल्यावर दट्टा पूर्ण मागें येतो, तेव्हां टांकीकडे जाणारें एक सूक्ष्म छिद्र उघडें राहतें. तापून फुगलेला द्रव त्यांतून परत जातो. पेडलला थोडी मोकळी चाल न ठेवल्यास हें छिद्र झांकलें जातें, द्रव कोंडतो, आणि चालकाचा पाय नसतांनाहि ब्रेक आपोआप आवळत जातो. चाकांजवळच्या लवचिक रबरी नळ्या वांकवून पाहाव्या. भेगा दिसल्या, किंवा नळी आंतून फुगून अरुंद झाल्याचा संशय आला, तर ती बदलावी. सांध्यांचे तांब्याचे वॉशर दर वेळीं नवे घालावे. सर्व जोडणी झाल्यावर शू ड्रमला टेकेपर्यंत आवळून, चाक मोकळें फिरेल इतके सैल करावे, आणि मगच हवा काढण्यास बसावें.

या कामास दोन माणसें लागतात. एक पेडलवर, एक चाकाशीं. घरांतील कोणीहि, केवळ सांगितलेलें शब्दशः ऐकणारें, पेडलवर चालेल. मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. उजव्या बाजूस मुख्य सिलिंडर असलेल्या गाडींत हा क्रम सामान्यतः मागील डावें, मागील उजवें, पुढील डावें व पुढील उजवें असा येतो. कारखान्याच्या पुस्तकांत निराळा क्रम असल्यास तोच पाळावा. चाकामागच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचें दुसरें टोंक कांचेच्या बरणींतील थोड्या ताज्या द्रवांत बुडवावें. पेडलवरच्यानें पेडल सावकाश दाबून “धरलें” म्हणावें. चाकाशीं बसलेल्यानें निपल अर्धा फेरा सैल करावें. द्रव बुडबुड्यांसह बाहेर येतो आणि पेडल खालीं जातें. तें खालींच असतांना निपल आवळावें, आणि मगच “सोड” म्हणावें. हा क्रम चुकून पेडल आधीं सुटलें, तर निपलच्या आट्यांवाटे हवा उलट आंत ओढली जाते आणि सर्व श्रम वायां जातात.

बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत ही आवृत्ति चालवावी. दर पांचसहा वेळां टांकी भरीत जावी, कारण ती रिकामी झाली कीं मुख्य सिलिंडरच हवा घेतो व काम पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें. द्रव नव्या, सीलबंद डब्यांतलाच घ्यावा. डबा हलवूं नये, हलविल्यानें त्यांत सूक्ष्म बुडबुडे मिसळतात. बाहेर आलेला द्रव परत टांकींत ओतूं नये. तो गटारांतहि सोडूं नये. बाटलींत भरून जुनें तेल गोळा करणाऱ्या कारखान्याकडे द्यावा. मात्र ती बाटली सरबताची नसावी, व मुलांच्या हातीं लागेल अशी कोठें ठेवूं नये. हा द्रव विषारी आहे. गाडीच्या रंगावर थेंब पडल्यास लगेच भरपूर पाण्यानें धुवावा, अन्यथा रंग उतरतो.

काम संपलें तरी परीक्षा उरतेच. पेडल जोरानें दाबून एक मिनिट तसेंच धरावें. तें हळूहळू खचत गेलें तर कोठें तरी गळती आहे, किंवा मुख्य सिलिंडराची वाटी द्रव मागें सोडीत आहे. तें स्पंजासारखें लागलें तर हवा राहिली आहे. पहिल्या दाबांत खालीं जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबांत वर आलें, तर बहुधा शू सैल आहेत. पाय दाबलेला असतांना दुसऱ्यानें बॅटरीच्या उजेडांत प्रत्येक सांधा पाहावा. मग चाकें खालीं उतरवून, रहदारी नसलेल्या सपाट जागीं, माणसाच्या चालण्याच्या वेगानें प्रथम थांबून पाहावें आणि वेग हळूहळू वाढवावा. गाडी एका बाजूस ओढत असेल तर त्या दिवशीं ती रस्त्यावर नेऊं नये.

जुन्या रचनेच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांचा दाब एकाच बंद मार्गांतून जातो, हें या कामांत क्षणभरहि विसरतां येत नाहीं. आधुनिक गाडींत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा थोडेंबहुत काम देतो. येथें एका वाटीची फाटलेली कड चारही चाकें निरुपयोगी करूं शकते. म्हणूनच सिलिंडराच्या खड्ड्यांविषयीं शंका वाटली, ड्रमला चऱ्या पडल्या, किंवा पेडलची तक्रार दुसऱ्या प्रयत्नानंतरहि राहिली, तर अनुभवी कारागिरास बोलाविण्यांत कमीपणा नाहीं. घरीं काम करण्याचा खरा लाभ चार पैशांच्या बचतीपेक्षां मोठा आहे. ज्यानें एकदां या वाट्या स्वतःच्या हातानें बसविल्या, त्याच्या पायास पेडलमधला लहानसा फरकहि कळतो. आणि गाडी घाटास लागण्यापूर्वीं तो कळणें हेंच महत्त्वाचें.