पूर्वींही पृथ्वी तापली होती, मग आज चिंता कां?



हवामानाविषयीं चार सुशिक्षित माणसें बोलूं लागलीं, कीं त्यांतला एक जण हटकून म्हणतो, "पृथ्वी कांहीं आजच तापूं लागलेली नाहीं. हिमयुगें आलीं आणि गेलीं; तेव्हां कोठें होत्या गिरण्या आणि कोठें होत्या मोटारी?" हें विधान अक्षरशः खरें आहे. त्यावरून निश्चिंत राहण्याचें जें अनुमान काढलें जातें, तें मात्र तपासून पाहण्याजोगें आहे.

मागील सालीं मुलाला हिवतापानें ताप आला होता आणि यंदा विषमज्वरानें आला, तर "ताप काय, मागेंही आला होता" असें म्हणून कोणी आई स्वस्थ बसत नाहीं. एका कार्याला अनेक कारणें असूं शकतात, हा तर्कशास्त्राचा धडा तिला न शिकतांही ठाऊक असतो. तेव्हां विचारावयाचें तें असें, कीं पूर्वीं पृथ्वी कशानें तापली, किती वेगानें तापली, आणि त्या वेळीं तिच्यावर कोण राहत होतें?

हिमयुगांचें कारण आज बरेंच उलगडलें आहे. पृथ्वीची सूर्याभोवतींची कक्षा आणि तिच्या आंसाचा कल हीं हजारों वर्षांच्या आवर्तनानें किंचित् बदलतात, व उत्तरेकडील प्रदेशांवर उन्हाळ्यांत पडणारें ऊन त्यामुळें कमीजास्त होतें. सर्बियाचे गणिती मिलुटिन मिलान्कोविच यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें गणित तपशीलानें मांडलें. परंतु उन्हाच्या एवढ्याशा फरकानें एवढी मोठी उलथापालथ होत नाहीं. तिला बळ देणारा एक साथीदार आहे कर्बद्विप्राणिद, म्हणजे ज्याला मुलें शाळेंत कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो वायु. अंटार्क्टिकांतील बर्फ खोलवर छेद घेऊन काढलें असतां त्यांत जुन्या हवेचे बुडबुडे कोंडलेले सांपडतात. जणूं निसर्गानें बुचें मारून ठेवलेल्या बाटल्याच! त्यांवरून ८ लक्ष वर्षांची नोंद हातीं आली आहे. हिमयुगांत या वायूचें प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत १८० च्या आसपास उतरे आणि उबदार काळांत २८० ते ३०० पर्यंत चढे. आज तें ४२० च्या वर गेलें आहे.

यावर कोणी चतुर आक्षेपक म्हणतो, कीं हिमयुग सरतांना आधीं ऊब आली आणि वायु मागाहून वाढला. आरंभापुरतें हें खरें असेलही. पण ठिणगी काडीची होती म्हणून मागाहून पडलेलें तेल निरपराध ठरत नाहीं. आज तर ठिणगीही सूर्याची नाहीं. सूर्याकडून येणारी उष्णता १९७८ सालापासून कृत्रिम उपग्रहांवरील यंत्रांनीं मोजली जात आहे, आणि तींत वाढीचा कल आढळत नाहीं. शिवाय ऊन वाढलें असतें तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षांत खालची हवा तापते आहे आणि वरची थंड होत आहे. पांघरूण जाड झाल्याची ही खूण होय.

आतां वेग. शेवटचें हिमयुग ओसरतांना पृथ्वी पांच-सहा अंशांनीं तापली, त्याला सुमारें १० हजार वर्षें लागलीं. गिरण्यांचें युग सुरू झाल्यापासून अवघ्या दीडदोनशें वर्षांत ती एका अंशाहून अधिक तापली; २०२४ सालीं तर हा फरक दीड अंशाच्या घरांत गेला. ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं हवेंत व समुद्रांत अपरंपार कर्ब मिसळून पृथ्वी अशीच तापली होती. तो कर्ब आजच्या मानानें कितीतरी सावकाश मिसळला. तरीही खोल समुद्रांतील कवचधारी सूक्ष्म जीवांच्या कित्येक जाती नष्ट झाल्या, आणि घडी पूर्ववत् बसण्यास लाखाहून अधिक वर्षें लागलीं. पृथ्वी सावरली, यांत संशय नाहीं. पण लाख वर्षें वाट पाहण्याची सवड तिला आहे, आपल्याला नाहीं! आपली शेती, आपलीं नगरें, आपल्या लिप्या हें सर्व गेल्या सुमारें १० हजार वर्षांच्या बऱ्याच स्थिर हवामानांत उभें राहिलें आहे.

भूतकाळाचा दाखला हवाच असेल, तर सव्वा लाख वर्षांपूर्वींचा उबदार काळ पाहावा. गिरण्यांच्या पूर्वींच्या तपमानाहून पृथ्वी तेव्हां अर्ध्या ते दीड अंशानेंच अधिक उबदार होती, म्हणजे जवळजवळ आजच्याइतकीच. समुद्र मात्र आजच्याहून ५ ते १० मीटर उंच होता. तें पाणी एका रात्रींत चढलें नाहीं, हें खरें. पण आपली मुंबई सात बेटांमध्यें भर घालून झालेली आहे, आणि ज्यांनीं ती भर घातली त्यांनीं भरतीची रेषा जेथल्या तेथें राहील असें धरूनच बांध घातले. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरांनीं चढली आहे, आणि चढण्याचा वेग वाढतच आहे.