कोब्याला हवं पाणी, हवा वेळ

'कोबा' हा शब्द नव्या घरांमध्ये आता फारसा ऐकू येत नाही. मावळातल्या जुन्या घरांत मात्र तो अजून पायांखाली आहे. लोणावळ्याचे जुने बंगले घ्या, नाहीतर कामशेत-वडगावची जुनी दुकानं घ्या, लाल किंवा करड्या रंगाची, तुळतुळीत आणि थंडगार अशी ही जमीन आजही दिसते. गंमत अशी, की एका घरात आजोबांच्या वेळचा कोबा फोडून टाइल्स बसवल्या जातात आणि त्याच रस्त्यावरच्या हॉटेलात 'पॉलिश्ड काँक्रीट' म्हणून तशीच जमीन भरपूर पैसे मोजून नव्यानं घातली जाते. म्हणून या जमिनीचं तंत्र आपण थोडं समजून घेऊ.

कविता लिहिणाऱ्या माणसाचं लक्ष आधी शब्दाकडे जातं. कोबा या शब्दाच्या मुळाशी फारसीतलं 'कोबीदन' आहे, म्हणजे ठोकणं, कुटणं. सिमेंट येण्याआधी चुना आणि विटांचा चुरा ओला करून दिवसचे दिवस चोपून काढत, तो कोबा. 'फरशी' अरबी 'फर्श'वरून आली. लाल रंगाची 'हिरमुजी' इराणच्या आखातातल्या हुर्मुझ बंदराचं नाव सांगते. ही सगळी पाहुणी मंडळी आता आपल्या गवंड्याच्या थापीइतकीच मराठी झाली आहेत.

पुढं चुन्याच्या जागी सिमेंट आलं. बांधकामाच्या कागदावर त्या कोब्याला 'आयपीएस', म्हणजे 'इंडियन पेटंट स्टोन' असं भारदस्त नाव आहे. नावात दगड असला तरी लादी कुठेच नसते. सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचा दीड-दोन इंचांचा थर चौकोन पाडून घालतात. चौकोनांमध्ये काचेच्या पट्ट्या बसवतात, म्हणजे काँक्रीट आकसलं तरी तडे वेडेवाकडे जात नाहीत. वरचा थर किंचित आवळला, की गवंडी उकिडवा बसून लोखंडी थापीनं तो घोटत जातो. लवकर घोटलं तर पाणी वर येऊन पृष्ठभाग कच्चा राहतो, उशीर झाला तर थापी चालत नाही. ही वेळ ओळखणं हीच कारागिरी.

सिमेंट 'वाळून' घट्ट होतं असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि त्यातून ते घट्ट होतं. म्हणून कोबा घातल्यावर कडेनं आळी करून त्यात पाणी साठवायचं किंवा ओलं गोणपाट पसरायचं. निदान सात दिवस, जमल्यास दहा-चौदा. तिसऱ्याच दिवशी सामान आत आणलं, की पुढं जन्मभर जमिनीची भुकटी झाडत बसावं लागतं.

रंग देण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत म्हणजे वरच्या थराच्या सिमेंटमध्येच लोहाचा ऑक्साइड, आपला 'रेड ऑक्साइड', कोरडा मिसळायचा. नवी रीत ॲसिड स्टेनची. सिमेंट घट्ट होताना त्यात मोकळा चुना तयार होतो. लोह, मँगनीज, तांबं यांचे क्षार असलेलं आम्लाचं द्रावण त्याच्याशी संयोग पावतं आणि तपकिरी, काळसर, हिरवट छटा आतच धरतात. हा रंगाचा लेप नसल्यामुळे तो पोपडे होऊन सुटत नाही. पण दोन जमिनी सारख्याही होत नाहीत. काँक्रीट साधारण महिनाभराचं झाल्यावर हे काम करावं. जुन्या जमिनीवर आधी पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते मुरले तर रंग धरेल, मोत्यासारखे वर राहिले तर तिथं मेण किंवा तेल आहे, ते आधी काढावं लागेल.

पॉलिश म्हणजेही लेप नव्हे. यंत्राला हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्या लावून, आधी भरड मग बारीक, अशी जमीन घासत नेतात. मधे सिलिकेटचं द्रावण मुरवतात. ते मोकळ्या चुन्याला बांधून घेतं आणि पृष्ठभाग कठीण होतो.

आता आपल्या मावळाचा प्रश्न. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. इथली जमीन पावसाळाभर ओल वर ढकलत असते. अशा कोब्यावर प्लॅस्टिकसारखा चकचकीत थर चढवला, की ओल खाली कोंडते, फोड येतात, पांढरा लोणा धरतो. थर चढवण्याआधी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. ओल खालच्या बाजूला आली तर ती जमिनीतली, वरच्या बाजूला आली तर हवेतली. जमिनीतली असेल तर तो थर नकोच. वाफ बाहेर जाऊ देणारी, मुरणारी द्रावणं तेवढी वापरावीत. नवी जमीन करताना खाली जाड प्लॅस्टिक अंथरावं आणि काम उन्हाळ्यात उरकावं.

ओल्या पायांची ये-जा असते त्या ओसरीत, दुकानाच्या दारात, न्हाणीघरात अति गुळगुळीत पॉलिश नकोच. म्हातारी माणसं घसरतात. तिथं थोडा खरखरीतपणा राहू द्यावा. लिंबू, चिंच आणि संडास धुण्याचं ॲसिड यांनी चुना खाल्ला जातो आणि डाग पडतो. साध्या पाण्यानं पुसणं, फार तर सौम्य साबण, एवढं पुरे.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कोरडं काँक्रीट घासताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पाणी सोडून घासायचं, नाहीतर यंत्राला धूळ ओढणारा पंप हवा, आणि कामगाराच्या तोंडावर धुळीसाठीचा खरा मास्क हवा. ठेकेदाराशी दर ठरवताना हे मालकानंच बोलून घ्यावं. कामगार तो विषय काढेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

घरात जुना कोबा असेल तर घण आणण्याआधी एक कोपरा स्वच्छ धुऊन पाहा. ठोकल्यावर भद्द आवाज येत नसेल, थर सुटलेला नसेल, तर बहुतेक वेळा घासून नीट करणं पुरतं. फोडायला एक दुपार लागते. तसा घोटणारा गवंडी मात्र आता शोधावा लागतो.