घासण्याआधी धातू ओळखा

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. पण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या हौशी मंडळींनी अजून जपून ठेवल्या आहेत. जुन्या गाड्या जपणाऱ्यांपैकी कुणाकडे वडिलांची फियाट असते, कुणाकडे आजोबांची अॅम्बेसेडर. इंजिन सुरू होतं, रंगही नवा देता येतो. नजर अडते ती डागाळलेल्या बंपरवर, मळकट ग्रिलवर आणि दरवाजाच्या कडेने गेलेल्या निस्तेज पट्टीवर. मग घरातली घासणी हाती येते, आणि बहुतेक वेळा नुकसान तिथेच होतं.

आधी चकाकी म्हणजे काय ते पाहू. धातूचा पृष्ठभाग अगदी सपाट असला की त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो आणि आपल्याला आपला चेहरा दिसतो. ओरखडे, गंज किंवा मळाचा थर असला की तोच प्रकाश दहा दिशांना विखुरतो आणि धातू पांढुरका दिसतो. पॉलिश करणं म्हणजे मोठे ओरखडे घालवून त्यांच्या जागी इतके बारीक ओरखडे आणणं की ते डोळ्यांना दिसूच नयेत. त्यासाठी दर वेळी थोडा धातू खरवडला जातो. म्हणून पहिला प्रश्न असा, की खरवडायला तिथे मुळात किती धातू आहे?

ओळख कशी पटवायची

एक लोहचुंबक घ्या. घट्ट चिकटला तर बहुधा क्रोमचा मुलामा दिलेलं लोखंड आहे. बंपर साधारणपणे याच जातीचे. अगदीच चिकटला नाही तर स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम, जस्ताचं ओतीव काम किंवा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक, यांपैकी काहीतरी असेल. स्टेनलेसच्या काही जातींना मात्र चुंबक लागतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. पट्टी काढून मागची बाजू बघा. मागे गंज असेल तर लोखंड. मागूनही तसाच स्वच्छ, जड पत्रा असेल तर स्टेनलेस. हलकी आणि सहज वाकणारी असेल तर अॅल्युमिनियम. अलीकडच्या गाड्यांवरची बरीचशी ‘क्रोम’ पट्टी प्लॅस्टिकची असते. नखाने टकटक केली की आवाजावरून कळतं.

ओळख पटली की गाडीच्या शाम्पूने धुवा, कोरडं करा, शेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावा. प्रत्येक उपाय आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा.

क्रोम : वरचा थर पातळ

क्रोमच्या बंपरवर आपल्याला दिसणारा आरशासारखा गुळगुळीतपणा खरं तर क्रोमचा नसतोच. तो खालच्या निकेलचा असतो. लोखंडावर अनेकदा आधी तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोम चढवतात. निकेलचा थर वीस-तीस मायक्रॉनचा, तर क्रोमचा जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. क्रोम कठीण असतो, गंजत नाही. पण त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाणी, आणि कोकणात तर खारी हवा, लोखंडापर्यंत पोचते. तपकिरी ठिपके येतात ते तिथून.

हे ठिपके काढायला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पुरते. तिचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा बराच मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत, गंज मात्र सुटतो. काळपट चिखल पुसून टाका, मग क्रोमसाठीचं पॉलिश मऊ कापडाने लावा. पॉलिश पेपर, तारेची घासणी आणि रबिंग कंपाउंड यांना इथे मनाई.

हात कुठे थांबवायचा हे रंग सांगतो. निळसर झाक म्हणजे क्रोम शाबूत. पिवळसर झाक दिसली तर क्रोम गेला, निकेल उघडं पडलं. तांबूस दिसलं तर निकेलही संपलं. यापुढे घासून काही परत येत नाही. नव्याने मुलामाच द्यावा लागतो. जस्ताच्या ओतीव मुठींवर किंवा बोधचिन्हांवर फोड आले असतील तर त्यांचंही तेच.

स्टेनलेस : मेहनतीचं फळ

इथे मुलामा नाही, आरपार एकच धातू. म्हणून सगळ्यात जास्त सुधारणा याच पट्टीत होते. पट्टी काढून घ्या. पोचे असतील तर मागून लाकडी ठोकळ्याच्या आधाराने हलके ठोकून वर आणा. मग वॉटर पेपर पाण्यासोबत वापरा : ४००, ६००, १०००, २००० असा क्रम. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा आडवी-उभी बदला. आधीच्या टप्प्याच्या रेघा पूर्ण नाहीशा झाल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नका. घाईत राहून गेलेली एक रेघ शेवटच्या चकाकीत ठळक उठून दिसते. ओरखडे हलके असतील तर सुरुवातच १०००ने करा.

शेवटी बफिंग, म्हणजे पॉलिश लावून घोटत चकाकी आणणं. यंत्राच्या चाकाने करत असाल तर पट्टी नेहमी चाकाच्या खालच्या भागाला टेकवा आणि कड चाकाच्या फिरण्याविरुद्ध येऊ देऊ नका. कड अडकली की पट्टी हातातून उडते. चष्मा हवाच.

अॅल्युमिनियम : आधी परीक्षा

अॅल्युमिनियमच्या पट्टीवर अनेकदा अॅनोडायझिंगचा पारदर्शक, कठीण थर असतो. तो ओळखायला मल्टिमीटर उत्तम. हा थर वीज वाहू देत नाही. दोन्ही टोकं टेकवूनही मीटर वाजला नाही तर थर आहे. थर शाबूत असेल तर धुवून मेण लावा, एवढंच. तो दुधाळ झाला असेल तर वरून कितीही पॉलिश चोळा, फरक पडत नाही, कारण ढग थराच्या आत असतो. तो थर कॉस्टिक सोड्याने उतरवतात. हे काम जाणकाराकडे दिलेलं बरं : द्रावण कातडी भाजतं आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन निघतो.

उघडं अॅल्युमिनियम मात्र पॉलिशने लगेच उजळतं. कापड काळं पडलं तर घाबरू नका, ती धातूचीच भुकटी. सोड्याने किंवा तीव्र साबणाने ते काळवंडतं, हे आपल्या घरातल्या पातेल्यांवरून ठाऊक असतंच.

प्लॅस्टिक आणि राखण

प्लॅस्टिकवरच्या मुलाम्याला फक्त सौम्य साबण, मऊ कापड आणि मेण. सोलवटला असेल तर पट्टी बदला.

काम झालं की प्रत्येक धातूवर मेणाचा पातळ हात द्या आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर तो पुन्हा द्या. बंपरच्या मागच्या बाजूला गंजरोधक रंग लावा, कारण गंज तिथूनही येतो. मुलामा घरी देण्याच्या फंदात पडू नका. क्रोमच्या जुन्या पद्धतीच्या द्रावणातला क्रोमियम कर्करोगकारक आहे. कारागिराकडे जाल तेव्हा क्रोम किती, हे विचारण्याआधी निकेल किती चढवणार ते विचारा. बंपरचं पुढचं आयुष्य त्यावर ठरतं.