दगडाचें सोंग
भोर येथील पंतसचिवांचा १८६९ सालचा राजवाडा पाहिला, कीं आपल्याहि घराच्या दर्शनी भिंतीस नक्षी असावीशी वाटते. हल्लीं थर्मोकोलच्या गाभ्यावर कांचतंतूंची जाळी व सिमेंटचा लेप चढवून दगडी भासणारे कंगोरे करतात. काळ्या दगडाचा घनफूट सुमारें ८० किलो भरतो. थर्मोकोलचा एक किलोहि नाहीं. भिंतीवरील भार वांचतो, हें खरें. परंतु भोर-वेल्ह्याकडील पावसांत सांध्यांतून पाणी शिरल्यास लेप सुटतो. शिवाय थर्मोकोल पेट घेतो. म्हणून कंगोऱ्याची वरची बाजू उतरती असावी, खालच्या कडेस पाणी गळून पडण्यास खांच असावी, सांधे पक्के असावे व गाभा कोठेंहि उघडा नसावा; हें सारें समक्ष पाहून घ्यावें, असें आम्ही वाचकांस सुचवितों. दगडाचें सोंग पाहुण्यांपुढें चालेल. पावसापुढें चालणार नाहीं.