अकरा महिन्यांचं गौडबंगाल

हॉस्टेलच्या मेसला कंटाळून बाहेर रूम घ्यायचा विचार असेल तर हे जरूर वाचा.

सबमिशनचा आठवडा चालू होता आणि मालकांचा फोन आला, "पोरांनो, रविवारपर्यंत रूम मोकळी करा." आम्ही चौघं, डिपॉझिट घरून मागून आणलेलं. मी म्हटलं, "काका, अ‍ॅग्रीमेंटमध्ये महिन्याची नोटीस लिहिलीय ना?" ते हसले. "तो कागद रजिस्टर कुठे केलाय? त्याला कोण विचारतो!"

मग मी कायदाच वाचायला घेतला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'निष्कासन' या शब्दावरच अर्धा तास गेला!

तर, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यात जुना भाडेकरू वेगळा आणि आपण वेगळे. भाडेकरूने भाडं थकवलं तरी लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. आपण मात्र 'लिव्ह अँड लायसन्स'वाले. मुदत संपली की निघायचं. नाही निघालो तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आपण उत्तर द्यायचं, आणि हरलो तर जास्तीच्या दिवसांचं दुप्पट भाडं! म्हणजे मुदतीनंतर हट्ट करण्यात अर्थ नाही.

पण आमची मुदत संपायला चार महिने होते. आणि खरी गंमत कलम ५५ मध्ये आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून सगळे ११ महिन्यांचा करार करतात. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. इथे ११ महिन्यांचा करारही लेखी आणि रजिस्टर्ड हवा, आणि ती जबाबदारी मालकाची! नसेल तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे काका ज्यावर हसले, तोच मुद्दा आमच्या बाजूचा निघाला. (आता नोंदणी ऑनलाइनही होते, त्यामुळे आळसाला कारण नाही.)

सामान बाहेर फेकणं, कुलूप बदलणं हे तर कुणालाच करता येत नाही. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा गेला तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो.

कलम ५५ ची झेरॉक्स घेऊन आम्ही चौघं काकांकडे गेलो. काकूंनी चहा दिला, काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि महिना दिला. सबमिशन झालं, डिपॉझिटही परत मिळालं, पण रंगाचे बाराशे कापूनच. त्याचं कलम मी अजून शोधतोय.