मेंदूच्या चित्रांची दुरुस्ती (भाग ९) : उजव्या कानशिलावरची गोळी

साताऱ्याच्या एका वाचक बाईंनी पत्रातून विचारलंय : मेंदूच्या एमआरआय चित्रासोबत माणसाचं वय किंवा लिंग चुकीचं नोंदलं गेलं तर समजू शकते, पण चित्रात मेंदूच डावा-उजवा उलटला तर बघताक्षणी कळत नाही का?

नाही कळत. आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे आजचा अख्खा भाग त्यालाच.

मेंदू वरखाली झाला तर शाळकरी पोरही ओळखेल. पुढचं मागं झालं तर डोळ्यांच्या खोबणी सांगतात. डावं-उजवं मात्र जवळपास सारखं. उजवा अर्धा कपाळाकडे आणि डावा मागच्या टोकाला किंचित जास्त पुढे आलेला असतो खरा, पण तो सरासरीचा हिशेब. एकट्या माणसाच्या चित्रावरून निकाल देता येत नाही.

त्यात रीती दोन. रेडिओलॉजिस्ट रुग्णाच्या पायाशी उभं राहून बघावं तसं चित्र लावतात, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे. संशोधक बरेचदा डावं डावीकडेच ठेवतात. जुन्या अ‍ॅनालाइझ प्रकारच्या फायलीच्या ३४८ बाइटांच्या हेडरमध्ये ही दिशा भरवशानं नोंदवायची सोय नव्हती. निफ्टी या नंतरच्या फाइल-प्रकारानं तेवढ्याच आकारात ती केली, पण जुनी फाइल नव्यात बदलताना कुणी दिशा अंदाजानं भरली की चूक अधिकृत होऊन बसते.

चूक होण्याची दुसरी वाट आणखी फसवी. माणूस डोकं आधी ठेवून स्कॅनरच्या आत गेला आणि नोंदीत ‘पाय आधी’ पडलं, तर चित्र उलटं दिसतं. कुणीतरी ते फक्त वरखाली करून ‘सुधारतो’. खरं तर डावं-उजवंही बदललेलं असतं. एकच अक्ष उलटवल्यामुळे आता आरशातला मेंदू तयार होतो, आणि दिसतो मात्र एकदम व्यवस्थित!

स्कॅनच्या वेळी उजव्या हाताची बोटं हलवायला सांगितली असतील तर मेंदूतला डावीकडचा हालचालींचा भाग जागा व्हायला हवा. तिथे शंका घेता येते. पण २००९ अखेरीस खुल्या झालेल्या ‘१००० फंक्शनल कनेक्टोम्स’ संग्रहात ३५ केंद्रांमधल्या १,४१४ जणांची चित्रं आहेत, आणि ती सगळी स्वस्थ पडून असतानाची. संशोधक भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की स्वस्थ अवस्थेत दोन्ही बाजूंचे हालचालींचे भाग एकत्र चढउतार करतात. हीच सममिती इथे चूक झाकते.

मग पकडायचं कसं? एकाच डोक्याची दोन चित्रं असतात : रचनेचं बारीक चित्र आणि मेंदूच्या कामाचं धूसर चित्र. मेंदूच्या घड्या अंगठ्याच्या ठशासारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या. धूसर चित्र बारीक चित्रावर बसवून बघायचं, मग मुद्दाम उलटवून पुन्हा बसवायचं. उलटवलेलंच नीट बसलं तर काहीतरी बिनसलंय. अ‍ॅफ्नी या सॉफ्टवेअरच्या मंडळींनी २०२० मध्ये ही रीत मांडली आणि खुल्या संग्रहांत अशा उलट्या फायली सर्रास आढळतात हेही दाखवून दिलं.

मात्र दोन चित्रांचं पटत नाही एवढंच संगणक सांगतो. खोटं कोण, हे नाही. आणि दोन्ही उलटी असतील तर छान पटतंच!

त्यासाठी काही केंद्रांत स्कॅनआधी उजव्या कानशिलावर ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात. आतलं तेल रचनेच्या चित्रात पांढरा ठळक ठिपका होऊन उमटतं. ठिपका दिसला की वाद मिटला. पण चित्रं खुली करताना ओळख पटू नये म्हणून चेहरा पुसतात, कधी कवटीसकट बाहेरचं सगळं काढतात, आणि त्यात गोळीही जाते. म्हणून माझा आग्रह असा, की पुसण्याआधी ठिपका कुठल्या बाजूला होता ते फायलीसोबत लिहून ठेवावं. जिथे ते लिहिलेलं नाही तिथे संग्रह सांभाळणाऱ्यांनी स्वतःच्या अंदाजानं चित्र उलटवू नये. मूळ केंद्राला विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत त्या व्यक्तीच्या सांकेतिक क्रमांकापुढे ‘बाजू अनिश्चित’ एवढी नोंद ठेवावी.